अनामिकेवरचा थेंब

१८९५ साल. विलायतेहून आलेली बोट मुंबई बंदराला लागली. उतारूंचं सामान अजून कस्टमच्या ताब्यात होतं. त्यांच्यातल्या एका ३७ वर्षांच्या लष्करी डॉक्टरला मात्र सामानाची फिकीर नव्हती. तो बंदरावरून तडक सिव्हिल हॉस्पिटलात गेला, हिवतापाचे रोगी शोधले आणि त्यांच्या बोटांना सुई टोचून काचेच्या पट्ट्यांवर रक्त घ्यायला लागला.

त्याचं नाव रोनाल्ड रॉस. जन्म अल्मोड्याचा, नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधली. इथल्या तापकऱ्यांचं रक्त त्याने त्याआधीही पुष्कळ तपासलं होतं, पण त्यात त्याला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. हिवतापाचा परजीवी रक्तात असतो, हे फ्रेंच डॉक्टर लाव्हराचं म्हणणं त्याला पटतच नव्हतं. मग १८९४ मध्ये तो रजेवर लंडनला गेला. तिथे पॅट्रिक मॅन्सनने एका रोग्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तो परजीवी त्याला दाखवला. गावोगाव हिवतापाने माणसं कुडकुडत होती त्या हिंदुस्थानात जे दिसलं नाही, ते लंडनच्या एका खोलीत दिसलं. परतल्यावरची ती घाई या दर्शनाची होती.

हे लंडनमध्ये का दिसावं? हिवताप तिथे बोटींतून यायचा. खलाशी, सैनिक, वसाहतींतले कारकून आणि मळेवाले तो अंगात घेऊन उतरायचे. मॅन्सन स्वतः चीनमध्ये बरीच वर्षं काढून आलेला होता. समोर बसलेला माणूस कुठून आला, वाटेत कुठे थांबला, ताप कितव्या दिवशी भरला, हे त्याला नेमकं विचारता यायचं आणि मग काय शोधायचं ते ठाऊक असायचं. रक्ताच्या काचपट्टीचा इतिहास चाळताना हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटत गेली. या पट्टीला बघायला शिकवलं ते एका मुलखातला आजार दुसऱ्या मुलखात घेऊन गेलेल्या माणसांनी. त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नोंदलेली नाहीत. नोंद असते ती ‘एक सैनिक’, ‘एक खलाशी’ एवढीच. आजही तपासणीसाठी रक्त घेतात ते डाव्या हाताच्या चौथ्या बोटातून, अनामिकेतून. त्या बोटाचं नाव या माणसांनाही शोभतं.

पट्टी तशी साधी वस्तू. ३ इंच लांब, १ इंच रुंद. हे माप लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८४०च्या आगेमागे ठरवलं आणि अजून तेच चालू आहे. गडचिरोलीच्या उपकेंद्रातली पट्टी हॅम्बर्गच्या सूक्ष्मदर्शकात बिनचूक बसते, ती यामुळे. या एकाच मापामुळे पुढे पट्ट्याही माणसांसारख्या बोटीतून आणि टपालातून देशोदेशी हिंडल्या.

६ नोव्हेंबर १८८० या दिवशी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिन शहरात, लष्करी रुग्णालयात, शार्ल लुई आल्फोन्स लाव्हरा एका तापकरी सैनिकाचं ताजं रक्त बघत बसला होता. रंग नाही, लेप नाही, नुसता थेंब आणि वर पातळ काच. हिवतापाने मेलेल्यांच्या प्लीहेत सापडणारे काळसर कण मेकेल या जर्मन डॉक्टरने १८४७ मध्येच पाहिले होते. लाव्हरा त्या कणांचा माग काढत होता. त्या दिवशी त्याला काळे कण पोटात घेतलेले गोळे दिसले आणि बघता बघता एका गोळ्याच्या कडेने बारीक धागे फुटून चाबकासारखे हलायला लागले. आजूबाजूच्या तांबड्या पेशींना धक्के बसत होते. ही वस्तू जिवंत आहे, याबद्दल त्याला मग शंका उरली नाही.

ते धागे तेव्हाच का फुटले, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. रक्त माणसाच्या उबेतून बाहेर पडून काचेवर गार होतं, तेव्हा परजीवीच्या नर रूपाला आपण डासाच्या पोटात पोचलो असं वाटतं आणि ते प्रजननाच्या कामाला लागतं. या कामाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. थेंब घेतल्याबरोबर पाहून पट्टी बाजूला ठेवली असती, तर लाव्हराला हे दिसलं नसतं. सावकाश बघण्याचं इतकं मोठं फळ वैद्यकात फार थोड्यांना मिळालं असेल. बाकीच्यांनी मात्र त्याला लवकर मानलं नाही. रोमजवळच्या दलदलीतल्या मातीत हिवतापाचा जंतू सापडल्याचा दावा क्लेब्स आणि तोमासी-क्रुदेली यांनी १८७९ मध्येच केलेला होता आणि लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता.

लोकांना दिसत नव्हतं याचं खरं कारण रंगाचा अभाव. बिनरंगी रक्तात परजीवी ओळखणं म्हणजे दुधाच्या भांड्यात दह्याची कवडी शोधणं. रंग आला तो कापड रंगवण्याच्या धंद्यातून. मेथिलीन ब्लू १८७६ मध्ये जर्मनीतल्या रंगाच्या कारखान्यात तयार झालं. येनाला एर्न्स्ट आबेने १८७८ मध्ये तेलाच्या थेंबातून बघायचं भिंग केलं. पाउल एर्लिकने रक्ताचा पातळ लेप सुकवून तो काचेवर पक्का करायची रीत बसवली. पण एकट्या निळ्या रंगाने सगळंच निळं दिसायचं. १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री रोमानोव्स्कीने त्या निळ्यात इओसिनचा लाल रंग मिसळला आणि निळं घेतलं तेही जुनं, वर बुरशी धरलेलं. शिळ्या मेथिलीन ब्लूचं हवेने रूपांतर होऊन त्यात अझुर नावाचे रंग तयार होतात. ते लालशी जुळले की परजीवीचं केंद्रक माणकासारखं लाल-जांभळं उठतं आणि बाकीचं अंग आकाशी राहतं. मालाखोव्स्की नावाचा डॉक्टरही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथे पोचला होता.

पण बुरशीवर भरवसा ठेवून दवाखाना चालत नाही. एका बाटलीने पट्टी सुंदर रंगायची, दुसरीने नुसता चिखल. हे कोडं सुटलं ते हॅम्बर्गला, आणि तिथेच सुटावं हे अगदी साहजिक होतं. १९०० मध्ये त्या बंदरात जहाजी आणि उष्ण कटिबंधातल्या आजारांची संस्था निघाली. तिचा संस्थापक बर्नहार्ड नोख्त हा मूळचा बंदराचा डॉक्टर. आफ्रिकेहून, दक्षिण अमेरिकेहून येणारी जहाजं तापाने फणफणलेले खलाशी धक्क्यावर उतरवत होती आणि त्यांचं निदान गलबत सुटायच्या आत हवं होतं. तिथे गुस्ताव गीम्सा नावाचा रसायनतज्ज्ञ लागला. तो आधी जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीत औषधनिर्माता होता. त्याने शुद्ध अझुर आणि इओसिन यांचं प्रमाण बांधलं आणि टिकावं म्हणून त्यात ग्लिसरीन घातलं. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेली ती कृती आज जगातल्या जवळपास प्रत्येक हिवताप प्रयोगशाळेत बाटलीत उभी असते. लंडनची उष्ण कटिबंधीय वैद्यकाची शाळा १८९९ मध्ये उघडली ती आल्बर्ट डॉकच्या खलाशी रुग्णालयात. लिव्हरपूलची त्याच्या आदल्या वर्षी, पश्चिम आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या एका जहाजमालकाच्या देणगीतून. या विद्येच्या तिन्ही शाळा बंदरांत निघाल्या. रत्नागिरीच्या खाड्यांमधून पी अँड ओच्या बोटींवर गेलेले आपले कोकणी खलाशी याच लंडनच्या गोद्यांमध्ये उतरत. घरी पत्र येई ते खुशालीचं. तिथल्या थंडीत किती जणांना हिवतापाने गाठलं असेल, हे त्यांच्या घरच्यांना कळलंही नसेल.

गीम्साच्या आधी, १९०१ मध्ये, विल्यम लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने त्याच जातीचा आपला रंग तयार केला होता. आपल्याकडे पॅथॉलॉजीच्या कुठल्याही खोलीत ‘लीशमन लाव’ हे वाक्य ऐकू येतं ते त्याचंच. पण त्याचं नाव काळा आजाराला चिकटलं ते दुसऱ्याच पट्टीमुळे. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत आजारी पडून मायदेशी धाडलेला एक आयरिश सैनिक १९०० मध्ये इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी रुग्णालयात मेला. लीशमनने त्याच्या प्लीहेचे लेप केले. त्यात त्याला बारीक अंडाकृती ठिपके दिसले, प्रत्येकात एक मोठं आणि एक काडीसारखं छोटं केंद्रक. ते काय आहे हे तेव्हा उलगडलं नाही. पुढे उंदरातल्या दुसऱ्या एका परजीवीत तसंच काहीसं दिसल्यावर त्याला त्या जुन्या पट्ट्या आठवल्या आणि मे १९०३ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. इकडे मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हनला जिवंत रोग्यांच्या प्लीहेत तेच ठिपके सापडले. त्याने आपल्या पट्ट्या टपालाने रॉसकडे आणि पॅरिसला लाव्हराकडे पाठवल्या. काळा आजाराचा परजीवी असा डमडमहून नेटलीला माणसाच्या प्लीहेतून गेला आणि मद्रासहून युरोपला काचेवर.

रंगवलेली पट्टी शिळी होत नाही, हा तिचा फार मोठा गुण. आज न समजलेली गोष्ट तीन वर्षांनी काढून बघता येते. डोळा बदलला की त्याच काचेवर नवीन दिसतं.

आता ही पट्टी प्रत्यक्ष कशी होते ते सांगायला हवं, कारण तिच्यातली अर्धी विद्या हातात आहे. अनामिका स्पिरिटने पुसायची आणि ते सुकू द्यायचं. ओल्या स्पिरिटात रक्त पसरतं. सुई मारली की पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकायचा. दुसरा थेंब काचेच्या एका बाजूला घ्यायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कोपऱ्याने त्याला गोल फिरवत सव्वा सेंटीमीटरभर पसरायचा. हा जाड लेप. याखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत, इतपतच तो दाट असावा. मग एक छोटा थेंब शेजारी. दुसरी पट्टी ४५ अंशांत त्याला टेकवायची, रक्त कडेने पसरलं की एका दमात पुढे सरकवायची. जिभेच्या आकाराचा पातळ लेप उमटतो. हात अडखळला तर लेपावर रेघोट्या पडतात. पातळ लेपाला मेथॅनॉल लावून तो पक्का करतात. जाड लेपाला ते चुकूनसुद्धा लागू द्यायचं नाही.

कारण जाड लेपाचं सगळं रहस्य तो कच्चा असण्यात आहे. ही रॉसची युक्ती, १९०३ची. रंगातलं पाणी लागलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांतला रंग धुऊन जातो आणि थरावर थर असलेल्या रक्तातले परजीवी आणि पांढऱ्या पेशी तेवढ्या काचेवर उरतात. पातळ लेपात एकेरी पेशींमधून शोधावं लागतं, इथे एका नजरेत कितीतरी पट जास्त रक्त येतं. म्हणून परजीवी आहे की नाही हे जाड लेप सांगतो आणि कुठल्या जातीचा ते पातळ लेप सांगतो. एक मायक्रोलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५० लाख. मुरलेला तंत्रज्ञ त्यांत ५ ते १० परजीवी असले तरी पकडतो. रोजच्या धबडग्यात मात्र ही क्षमता पन्नास-शंभरावर येते.

तेलाच्या भिंगाखाली जाड लेप पाहिलात तर पहिल्यांदा निराशाच होते. फिकट निळसर धुकं, त्यात पांढऱ्या पेशींची जांभळी केंद्रकं, बिंबाणूंचा कचरा. नवखा माणूस याच कचऱ्याला परजीवी समजतो. मग डोळा स्थिरावतो आणि धुक्यात एक स्वल्पविराम दिसतो: लाल टिंब आणि त्याला आकाशी शेपटी. शेजारी एखादं उद्गारचिन्ह, एखादी तुटकी अंगठी. अशी शंभर-दोनशे दृष्टिक्षेत्रं बघून झाल्याशिवाय ‘निरंक’ लिहायचं नाही, असा दंडक आहे. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मुरलेला असेल तर केळ्याच्या आकाराचे परजीवी सापडतात. ते एकदा पाहिले की माणूस आयुष्यात विसरत नाही. आपल्या प्रयोगशाळांत व्हायव्हॅक्स, फॅल्सिपेरम अशी जातींची पूर्ण नावं कुणी घेत नाही. ‘पीव्ही निघाली’, ‘पीएफ आहे, लगेच फोन कर’ असंच म्हणतात. पीएफच्या वेळी आवाज बदलतो. ती तास मोजून माणूस नेते.

काय दिसलं यापेक्षा रक्त केव्हा घेतलं हे महत्त्वाचं असतं, हा धडा हत्तीरोगाने दिला. त्याचे अळीसारखे जंतू पहिल्यांदा सापडले तेही प्रवाशातच. १८६३ मध्ये पॅरिसला, हवानाहून आलेल्या एका माणसाच्या अंडवृद्धीच्या पाण्यात ते डमार्केला दिसले. १८७२ मध्ये टिमोथी लुईसला कलकत्त्यात ते रक्तात सापडले. मग अमॉयला, म्हणजे आजच्या श्यामेनला, मॅन्सनने दिवसरात्र ठरावीक तासांनी रक्त घेतलं आणि लक्षात आलं, की हे जंतू दिवसा जवळजवळ नाहीसे होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास बोटाच्या टोकाशी गर्दी करतात, म्हणजे डास चावायच्या वेळी. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या लोकांना आरोग्य खात्याची माणसं रात्री दार वाजवून रक्त घेताना का दिसतात, त्याचं उत्तर अमॉयच्या त्या रात्रींमध्ये आहे. १८८१ मध्ये लंडनला स्टीफन मॅकेन्झीने हिंदुस्थानात राहून आलेल्या एका रोग्याला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं. काही दिवसांत जंतूंनीही आपली वेळ उलटी केली. घड्याळ त्या माणसाच्या झोपेचं होतं. विमानाने आठ तास मागे गेलेल्या प्रवाशाचं रक्त कुठल्या मध्यरात्री घ्यायचं, हा प्रश्न त्यामुळे आजही खरा आहे. आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतल्या लोआ लोआ या जंतूची वेळ तर भर दुपारची. म्हणजे सुई हातात घ्यायच्या आधी विचारायला हवं: कुठून आलात?

हाच प्रश्न वाईट तोंडातही गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर १९१० मध्ये स्थलांतरितांची चौकी उघडली. आशियातून येणाऱ्यांच्या विष्ठेत हुकवर्मची अंडी सापडली तर परत पाठवायचं, असा नियम त्याच वर्षी लागू झाला. चिनी, जपानी आणि त्यांच्याबरोबर पंजाबातून गेलेले शेतकरीसुद्धा भांड्यात नमुना देण्यासाठी पहाऱ्यात बसवले गेले. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अनवाणी फिरणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांमध्ये हुकवर्म सर्रास होता, आणि त्यांच्यासाठी रॉकफेलरच्या पैशाने औषधोपचाराची मोहीम निघाली होती. अंडं एकच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आकारही एकच. एकाला गोळ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला परतीची बोट. या विद्येच्या इतिहासातलं हे पान मला सर्वांत लाजिरवाणं वाटतं आणि प्रयोगशाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ते सांगितलं पाहिजे असंही वाटतं.

प्रवाशांनी पट्टीला नवं दाखवणं थांबवलं नव्हतं. हिवतापाची ओव्हाले ही जात लिव्हरपूलच्या स्टीफन्सने १९२२ मध्ये वर्णिली, ती पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका सैनिकाच्या रक्तात पाहून. नोलेसी या जातीची गोष्ट तर माकडापासून सुरू होते. सिंगापूरहून कलकत्त्याला आणलेल्या एका माकडाच्या रक्तात १९३१ मध्ये वेगळाच परजीवी दिसला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रॉबर्ट नोल्स आणि बिराजमोहन दासगुप्ता यांनी १९३२ मध्ये दाखवलं, की हा माणसालाही लागतो. मग १९६५ मध्ये मलायाच्या पहांग जंगलात मोजणीचं काम करून अमेरिकेत परतलेला एक माणूस तापाने पडला. त्याची पट्टी आधी एका जातीची वाचली गेली, मग दुसऱ्या जातीची. त्याचं रक्त माकडांना दिलं तेव्हा कुठे कळलं, की जंगलातल्या माकडाचा हिवताप माणसात आला आहे. त्यानंतर जवळजवळ चार दशकं ही एक चमत्कारिक घटना म्हणून पुस्तकात पडून राहिली. २००४ मध्ये सारावाकच्या कपिट भागात बलबीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०८ हिवताप रोग्यांचं रक्त जनुकीय चाचणीने तपासलं. १२० जणांत नोलेसी निघाला. तिथल्या पट्ट्यांवर तो साध्या मलेरी जातीसारखा दिसत होता आणि तसाच लिहिला जात होता. डोळ्यांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. दोन्ही दिसतात सारखेच. जंगल आणि माकड यांची चौकशी तेवढी व्हायची राहिली होती.

आपल्या देशात ही पट्टी दारोदार पोचली ती स्वातंत्र्यानंतर. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये पाण्यात विरघळणारा, मेथॅनॉलशिवाय चालणारा, झटपट रंग केला होता. जेएसबी म्हणून तो अजून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत चालतो. तो नसता तर लाखांनी येणाऱ्या पट्ट्या रंगवल्याच गेल्या नसत्या. त्या वर्षांतला मलेरियाचा माणूस अनेकांना आठवत असेल. खाकी कपडे, सायकल, खांद्याला पिशवी. दर पंधरवड्याला दारात उभा राहून तो विचारायचा: घरात कुणाला ताप आहे का, मागच्या खेपेनंतर कुणाला येऊन गेला का, कुणी पाहुणा आलाय का? ‘हो’ म्हटलं की बोटाला सुई, पट्टीवर थेंब आणि हातावर क्लोरोक्विनच्या चार कडू गोळ्या. जाताना दाराशेजारच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख टाकायचा. त्याच्या तीन प्रश्नांतला पाहुण्याचा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. १९६५च्या सुमाराला देशातले रोगी एक लाखावर आले. मग ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांच्या पुढे गेला.

१९९०च्या दशकात कागदी पट्टीवर रेघ उमटवणाऱ्या झटपट चाचण्या आल्या. दुर्गम पाड्यात त्यांचा उपकार मोठा आहे. पण पीएफच्या बहुतेक चाचण्या एकाच प्रथिनावर टेकलेल्या आहेत, आणि ते प्रथिन बनवणारं जनुकच गळालेले परजीवी आधी पेरूच्या अमेझॉनमध्ये आणि नंतर एरिट्रियासारख्या देशांत सापडले. तिथून आलेल्या माणसाची रेघ कोरी राहू शकते. उलट औषध घेऊन बरा झालेल्याच्या रक्तात ते प्रथिन काही आठवडे रेंगाळतं आणि रेघ उमटतच राहते. म्हणून लंडन असो की न्यूयॉर्क, प्रवासी तापाने आला की काचपट्टी लागतेच. आणि पहिली कोरी निघाली तर बारा ते चोवीस तासांनी दुसरी, मग तिसरी. एका निरंक पट्टीवर घरी पाठवलेला माणूस पुढच्या रात्री बेशुद्धीत परत येऊ शकतो.

यात आपली माणसंही आहेत. ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापाचे बहुतेक रोगी भारत किंवा पाकिस्तानात जाऊन आलेले असतात, आणि त्यांतले पुष्कळसे नातेवाइकांना भेटायला आलेले. पर्यटक गोळ्या घेऊन निघतो. आपण आजोळी जातो म्हणून घेत नाही. लहानपणी गावात कमावलेली थोडीफार प्रतिकारशक्ती परदेशातल्या वर्षांत ओसरलेली असते आणि तिथे जन्मलेल्या मुलांना ती नसतेच. शिवाय व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो. जुलैत मुंबईत चावलेल्या डासाचा ताप डिसेंबरात लेस्टरला भरू शकतो आणि बर्फातल्या तापाला सगळे फ्लू म्हणतात. अशा वेळी डॉक्टरने विचारलं नाही, तरी ‘आम्ही पावसाळ्यात गावी जाऊन आलो’ हे आपण होऊन सांगायलाच हवं.

आणि मुंबईत? इथे बाहेरून आला म्हणजे झारखंड, ओडिशा, बंगालमधून आलेला बांधकाम मजूर. पावसाळ्यात हिवताप वाढला की ‘यांनीच आणला’ हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. ते मला सहन होत नाही. चार्ल्स बेंटलीने १९११ मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला, तेव्हाच दोष शहराच्या विहिरी-टाक्यांत पैदा होणाऱ्या स्टीफेन्साय डासावर ठेवला होता. तो डास इथलाच रहिवासी आहे. उलट अलीकडे तोच बंदरांतून आफ्रिकेत गेला, २०१२ मध्ये जिबूतीत सापडला आणि आता तिथल्या शहरांना छळतो आहे.

गेल्या पावसाळ्यात उपनगरातल्या एका बांधकामावर मी आरोग्यसेविकेबरोबर गेलो होतो. पत्र्याच्या खोलीत एक विशीतला मुलगा गोधडीत कुडकुडत पडला होता. तिने उकिडवं बसून त्याची अनामिका पुसली. सुई मारताना तो हसला, कामाच्या जखमांपुढे ती काहीच नव्हती. जाड थेंब, पातळ थेंब. पट्टीच्या कडेला तिने पेन्सिलीने नंबर घातला आणि वहीत नाव, वय, गाव लिहिलं. गाव पलामूकडचं. शेजारचा मुकादम लगेच म्हणाला, तिकडे फारच मलेरिया. तिने मान वर न करता विचारलं, ‘मुंबईत येऊन किती दिवस झाले?’ मुलाने बोटं मोजली. दोन महिने आणि वर काही दिवस. मधे गावी गेला नव्हता. ताप परवापासून, याआधी कधी नाही.

झटपट चाचणीवर पीएफची रेघ आली होती. हिवतापाच्या या जातीला डास चावल्यापासून ताप भरायला बहुतेकदा एक ते दोन आठवडे लागतात. तिने तारखेवरून मागे मोजलं, पहिल्या दिवसाच्या गोळ्या तिथेच गिळायला लावल्या, पट्टी सुकली तशी डब्यात ठेवली. मग उठून मुकादमाला विचारलं, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का आणि वरच्या स्लॅबवर क्युरिंगचं पाणी कधीपासून साठवलंय. तो काही बोलेना. तिने पळी आणि टॉर्च काढली, पदर खोचला आणि शिडी मागितली.